हाव्रिलोच्या माश्यांना कोण सांगणार

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. ऊबोच गावच्या गुत्त्यात मानत नाहीत, फादर मानत नाहीत, आणि ज्याच्या हातून ती घडली तो ओनुफ्री तर म्हणतो की आपण स्वतः तिथं नसतो तर आपणही मानली नसती. तेव्हा ऐकणाऱ्यानं मानायची धडपड करू नये. दमायला होतं. नुसती ऐकावी.

हाव्रिलो गेला तो एप्रिलात, वाळुंजाला पिवळे तुरे धरले होते तेव्हा. जायला वाईट वेळ. वर घोटाभर चिखल आणि खाली अजून गोठलेली माती, त्यामुळे कबर खणणारे दोन्ही ऋतूंच्या नावानं बोटं मोडत होते. ओनुफ्री सकाळीच टेकडी चढून कबर बघून आला होता, आणि येताना त्याचे गुडघे म्हणत होते की आम्हाला तिथंच ठेव, पुन्हा खेप नको. त्याच्या बरोबरीचे जेवढे होते तेवढे त्यानं एकेक करून त्या टेकडीवर पोचवले होते. हाव्रिलो शेवटचा. आता ओनुफ्रीच्या वेळी खांदा द्यायला कोण, याचा विचार करायचाही त्याला कंटाळा आला होता.

घरात हाव्रिलो समोरच्या खोलीत शवपेटीत पांढरा सदरा घालून निजवला होता. आरशावर चादर, खिडकी उघडी. बायका प्रार्थना पुटपुटून थकल्या होत्या आणि आता शेजारणीच्या सुनेबद्दल पुटपुटत होत्या, त्याच सुरात, म्हणजे फादरना कळू नये. फादरना काही कळत नव्हतं. ते एका गावचं मयत आटोपून मोटारसायकलवरून इथं आले होते, इथलं आटोपून पुढच्या गावी जायचे होते, आणि मधल्या वेळात चुलीशेजारच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला होता.

अंगणात तेक्ला आडवी आली. तेक्ला म्हणजे हाव्रिलोची बायको. आता कालपासून काय म्हणायचं ते म्हणा. हातात घराची मोठी लोखंडी किल्ली.

"माश्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही," ती म्हणाली.

ऊबोचमध्ये मधमाश्या पाळणारा गेला की त्याला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी माश्यांना जाऊन सांगावं लागतं. घराच्या किल्लीनं माश्यांच्या लाकडी मोहोळावर टकटक करायची आणि म्हणायचं, तुमचा मालक गेला, आता मी आहे. आतून गुंजारव उठला की ऐकलं असं समजायचं. न सांगता मालकाला बाहेर नेलं तर माश्या त्याच्यामागोमाग जातात. कधी उडून, कधी जागच्या जागी. आणि त्या मुलखात माशी मरत नाही. कुत्रं मरतं, गाय मरते, सामुदायिक शेतीचा घोडा मरतो. माशी वारते, माणसासारखी. कोणी पाहुणा 'माशी मेली' असं बोलून गेला तर त्याला मध वाढताना चमचा आपोआप लहान होतो.

"ओसिफला सांगू दे की," ओनुफ्री म्हणाला. "मुलगा आहे."

"तो नाही म्हणतो. सांगायचं म्हणजे 'आता मी आहे' म्हणायला लागतं. तो म्हणतो, मी इथं नसणार, तर म्हणू कसं. मला घेऊन चाललाय शहरात, हुमेन्नेला. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणे."

"लिफ्ट चांगली असते."

"तू बसलायस?"

"एकदाच. मध्येच अडकली. बरोबर एक नवं जोडपं होतं. दार उघडलं तेव्हा त्यांना मुलगी झालेली, आणि बारशाला मीच होतो."

तेक्ला हसली नाही. तिनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"ओसिफशी रात्री बोलणं झालंय माझं. माश्यांनी ऐकलं, टिकल्या, तर मी इथं राहीन, तो काही म्हणणार नाही. नाही ऐकलं तर उद्या पिशवी भरायची. खरंच आहे रे. माश्याच नसल्या तर या उतारावर एकटीनं काय करायचं. कोंबड्यांशी किती बोलणार."

"मग तूच सांग ना. राहणार तू."

"मला नाही जमत." ती किल्लीकडे बघत होती. "तो निजलाय म्हणता येतं. गार पडलाय म्हणता येतं. सकाळी बायकांना म्हटलं, त्याचे बूट पुसून ठेवा, लागतील. त्याच्यापुढचं तोंडातून निघत नाही. कालपासून करून बघतेय. आणि त्या परक्या माश्यांची नावं मला कुठं येतात? तुला येतात. जा तू. माझ्या नावानं सांग."

ओनुफ्रीला बसायला कुठंतरी हवं होतं. बसला असता तर उठवलं नसतं, म्हणून तो उभाच राहिला.

परक्या माश्यांची हकीकत अशी. हाव्रिलोनं उभा जन्म मालगाडीच्या चाकांना वंगण घातलं. गाडी जिकडं जाईल तिकडं हाव्रिलो. एखाद्या परमुलखातल्या स्टेशनाबाहेर गाडी दिवस दिवस खोळंबली की बाकीचे पत्ते कुटायचे; हा रूळ ओलांडून जवळच्या मधपाळाचं घर शोधायचा. परत यायचा तो काड्यापेटी घेऊन. काड्यापेटीत एक राणीमाशी, सोबतीला तिच्या चार-दोन दासी, आणि पेटी काखेत, उबेला. सरहद्दीवर पोलीस खिसे चाचपायचे, डबा उलटा करायचे, वंगणाच्या बादलीत काठी घालून ढवळायचे. काखेत कोण बघतो? एकदा स्लोव्हेनियातली राणी आणताना ती पेटीतून निसटली आणि सदऱ्याच्या आत फेरफटका मारायला लागली. समोर पोलीस विचारतोय, काही दाखवण्यासारखं आहे का. हाव्रिलोच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, खांदे हलताहेत. पोलिसाला वाटलं, बिचाऱ्याच्या घरी काहीतरी वाईट झालंय. त्यानं टोपी काढली आणि जाऊ दिलं. निदान ओनुफ्री तरी ही गोष्ट अशी सांगतो. हाव्रिलो म्हणायचा, पेटी धड बंद होती आणि पोलीस झोपला होता.

तर अशी आणलेली राणी नव्या मोहोळात सोडली की हाव्रिलो तिच्या मुलखात माशीला जे म्हणतात त्याच नावानं तिला हाक मारायचा. पुढं तिच्या लेकींना, नातींनाही तीच हाक. नवी सून घरात आली की निदान एका माणसानं तरी तिला माहेरच्या नावानं हाक मारावी, असं त्याचं म्हणणं.

आता नाव म्हणाल तर मुळात एकच. कोण्या एका आजीचं. ती कधीची, कुठल्या पाणथळीकाठची, ते हाव्रिलोलाही ठाऊक नव्हतं. ती माशीला म्हणायची 'बिचेला', आणि त्यातली पहिली वेलांटी इतकी नाजूक की फुंकर मारल्यासारखी. लेकी दूर दूर दिल्या, आणि वाटेतल्या थंडीत ती फुंकर विरून गेली. राहिले ब आणि च, एका दारात अंगाला अंग लावून, आणि दोघांचं पटेना. मग ज्या त्या घरानं आपापल्या परीनं तंटा मिटवला. ऊबोचकरांनी ब ला गप्प करून त्याचा प केला आणि म्हणायला लागले 'प्चोला'. सर्ब लोकांनीही तेच केलं, पण शेपूट तसंच ठेवून 'प्चेला'. झेकांनी आणि खाली शहरात राहणाऱ्या स्लोवाकांनी त्याचा व करून टाकला, 'व्चेला'. युक्रेनियन म्हणाले, ब घरचा थोरला आहे, त्याला हात लावायचा नाही. त्यांनी च लाच दटावून त्याचा ज केला, 'ब्जोला'. पोलंडात दोघांच्या मध्ये तिसरा आणून बसवला, 'प्श्चोवा', आणि ती हाक मारली की हाव्रिलोच्या मिशीवर दव पडायचं. सगळ्यांत शहाणे स्लोव्हेनियातले. त्यांनी ब ला उचललं, आत नेलं आणि च च्या मागं बसवून दोघांनाही बसायला जागा करून दिली. 'चेबेला'.

हे सगळं हाव्रिलोचं, वंगणाचे हात पुसता पुसता जमवलेलं. खरं-खोटं तो जाणे. रोज संध्याकाळी तो मोहोळांच्या रांगेतून या हाका घालत जायचा आणि ओनुफ्री कुंपणाबाहेरच्या बाकावर बसून ऐकायचा, म्हणून त्यालाही त्या पाठ.

कुंपणाबाहेर का, तर माश्यांना शिवी खपत नाही, भांडण खपत नाही आणि खोटं तर मुळीच खपत नाही. तरणेपणी ओनुफ्री एकदा आत, जुन्या मोहोळाला टेकून बसला होता आणि आपण मागुर माशाच्या पाठीवर बसून गिरणीपर्यंत कसे गेलो ते सांगत होता. मासा गिरणीशी पोचायच्या आतच माश्या चावल्या आणि ओनुफ्रीचा वरचा ओठ सुजून नाकाला जाऊन भिडला. त्या आठवड्यात हाव्रिलोनं बाक उचलून कुंपणाबाहेर नेला. "तिथून सांग," म्हणाला. "तिथवर येऊन चावायचा त्यांना कंटाळा असतो." मग इतकी वर्षं ओनुफ्री तिथूनच सांगत आला. हाव्रिलो पाठमोरा काम करत ऐकायचा. माश्याही ऐकत असणार, त्यांचे कान काही कोणी बांधले नव्हते.

"मी सांगायचं?" ओनुफ्री म्हणाला. "माश्यांना? मी?"

"आज खरं सांगायचंय. त्यात काय अवघड आहे?"

"सवय नाही गं."

ओसिफ दारातून बाहेर आला. शहरातला काळा कोट, पातळ तळव्यांचे बूट, आणि बुटांवर चिखल चढलेला. रात्रभर आईशी बोलून त्याचा आवाज बसला होता. ओनुफ्री त्याचा धर्मबाप; बाप्तिस्म्याच्या वेळी यानंच त्याला हातात धरलं होतं, आणि ते पाणी इतकं गार होतं की पोराच्या रडण्यानं देवळातली मेणबत्ती विझली, हीसुद्धा ओनुफ्रीचीच गोष्ट.

"काका, तुम्ही तरी आईच्या डोक्यात भरवू नका. माशी उन्हाळ्यात जेमतेम सहा आठवडे जगते. बाबांनी आणलेल्या त्या राण्या कधीच मेल्या."

"वारल्या."

"वारल्या. आता आहेत त्या सगळ्या इथं जन्मलेल्या, या चिखलात. त्यांना स्लोव्हेनियातलं काय कळणार आहे?"

"तुझा धाकटा कुठं जन्मला?"

"हुमेन्नेत."

"त्याच्यावर ओरडतोस तेव्हा कसं ओरडतोस?"

ओसिफनं बुटावरचा चिखल पायरीला पुसला. "माझे आजोबा ओरडायचे तसं."

"तुझ्या आजोबांना बघितलंय त्यानं?"

"नाही."

"मग झालं तर."

ओसिफनं खांदे पाडले. वाद घालायचं त्याच्यात त्राण नव्हतं, आणि ओनुफ्रीत जिंकायचं नव्हतं. "करा काय करायचं ते," ओसिफ म्हणाला. "पण मी डोळ्यांनी बघणार. गुंजारव झाला म्हणून तुम्ही येऊन सांगाल आणि मी मानीन, असं नाही."

ओनुफ्रीनं तेक्लाच्या हातातून किल्ली घेतली आणि कुंपणाचं फाटक ढकललं. आत पाय ठेवताना त्याचा हात आपसूक ओठाकडे गेला. आभाळ भरून आलेलं, गारठा. एकही माशी बाहेर नव्हती. त्यानं टोपी काढली. तेक्ला त्याच्यामागं थोडं अंतर राखून आली, ओसिफ कुंपणावर कोपरं टेकून उभा राहिला.

पहिलं निळं मोहोळ पोलंडचं. ओनुफ्रीनं टकटक केली आणि हाक घातली, "प्श्चोवा." कवळी जागची हलली, ती त्यानं जिभेनं परत बसवली. "हाव्रिलो गेला. आता तेक्ला आहे."

काही नाही. मग आत कुठंतरी खोल, चुलीवरच्या भांड्याला उकळी फुटायच्या आधी येतो तसा आवाज आला, चढला, फळीला हात लावला तर हाताला लागेल इतका झाला, आणि पुन्हा बसला.

कुंपणावरची ओसिफची कोपरं उचलली गेली.

युक्रेनच्या मोहोळाला त्यानं 'ब्जोला' म्हटलं. तिथून जाडाभरडा गुंजारव आला, बराच वेळ, एखाद्या आत्याबाईनं गळा काढावा तसा. सर्बांच्या मोहोळानं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, आधीच सुरू झालं. झेकांचं थोडं थांबून. स्लोव्हेनियाच्या माश्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, एकदाच थोडक्यात गुणगुणल्या आणि गप्प झाल्या. जणू नोंद करून घेतली आणि कामाला लागल्या.

बाकीचं वाक्य प्रत्येक ठिकाणी त्या त्या मुलखाच्या बोलीत फिरवावं लागलं नाही. ओनुफ्रीला हे पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. माशीचा शब्द घराघरानं तोडला, जोडला, उलटा केला. 'गेला' हा शब्द मात्र त्या आजीकडून जसा मिळाला तसाच, थोडी धूळ बसलेला, सगळीकडे ठेवलेला होता. त्याच्याशी खेळायची कोणाला हौस झाली नसावी.

आणि दुसरंही एक. त्याच्या सगळ्या आयुष्यात इतक्या जणांनी, एकामागून एक, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नव्हता. ठेवला तो आज, आणि तो असल्या गोष्टीसाठी. त्याला आनंद झाला असता. पण गुडघे दुखत होते.

शेवटी राहिलं जुनं मोहोळ. लिंडन झाडाच्या पोकळ ओंडक्याचं, हाव्रिलोच्या आजोबांनी कोरलेलं, आलुबुखारच्या झाडाखालचं. यातल्या माश्या इथल्याच, ऊबोचच्या, कुठल्या काड्यापेटीतून न आलेल्या. आणि गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की घरचं जुनं मोहोळ उठलं की बाकीची त्याच्यामागं उठतात. म्हणजे आतापर्यंतचं सगळं याच्यावर.

ओनुफ्रीनं टकटक केली. "प्चोला. हाव्रिलो गेला. आता तेक्ला आहे."

काही नाही.

तो थांबला. घसा साफ करून पुन्हा टकटक केली, पुन्हा तेच म्हणाला, जरा हळू, जरा स्पष्ट. ओंडक्याच्या तोंडाशी एक माशी आली. तिनं त्याच्याकडे बघितलं. मग वळून आत गेली, गुत्त्यातली मालकीण ओनुफ्रीची गोष्ट सुरू झाली की काहीतरी आठवल्यासारखं करून आत जाते तशी.

"गारठ्यानं गेल्या असतील," कुंपणावरून ओसिफ म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता.

ओनुफ्रीनं ओंडक्याला कान लावला. गेल्या नव्हत्या. आत सळसळ होती, पाय होते, पंख होते, भरलेलं घर होतं. फक्त बोलत कोणी नव्हतं. अशी शांतता ओनुफ्रीनं आजवर पुष्कळदा ऐकली होती. टेबलाभोवतीचे सगळे एकमेकांकडे न बघता पेल्यात बघायला लागतात, ती ही.

"आहेत," तो म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवत नाहीयेत."

"बाकीच्यांनी ठेवला तो?"

"बाकीच्यांना मी बोलतो ते आजवर कळत नव्हतं. पोलंडातल्या माशीला मागुर माशाचं काय? ह्या इथल्या. ह्यांना पहिल्यापासूनचं सगळं कळलंय."

ओसिफ हसला, नाकातून, एकदाच. मग त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि आईकडे बघितलं. तेक्ला मोहोळाकडे बघत होती.

"आई, राहू दे आता," तो म्हणाला. "चल. बाबांना न्यायची वेळ झाली."

देवळाची घंटा सुरू झाली होती. घरातून बाकं सरकवल्याचा आवाज आला, म्हणजे उचलणारे जागेवर उभे राहिले. फादर दारात आले, डोळे चोळत, एका गालावर बाकाच्या फळीचा वळ.

"ओनुफ्री, चला. मला पुढं अजून एक आहे."

"जरा थांबा, फादर."

"मी थांबेन. हाव्रिलोही थांबेल. पुढच्या गावचे लोक थांबत नाहीत, ते माझ्याशिवाय प्यायला सुरुवात करतात."

ओनुफ्री ओंडक्याशेजारच्या ठोकळ्यावर खाली बसला. आता उठवलं तर उठेन, नाहीतर इथंच, असा बसला. शपथ घ्यावी असं एकदा मनात आलं. पण शपथा त्यानं त्या मागुर माशाच्या वेळीही घेतल्या होत्या, भरपूर. मग बसल्या बसल्या त्याला वाटलं, इतकी वर्षं ह्या माश्या मी बोलतो त्याच्या उलटं धरत आल्यात. मी खरं सांगितलं तर खोटं धरतात. मग त्यांना धरू दे की उलटं. दुसरं काही सुचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हे सुचायलाही फारसे कष्ट पडले नव्हते. तोंड आपण होऊनच वळलं, घोडा तबेल्याकडे वळतो तसं.

"बरं, ऐका," तो ओंडक्याला म्हणाला. "गंमत केली मी. हाव्रिलो कुठं गेलाय बिलाय नाही. म्हणजे गेलाय, पण बार्दियोव्हला. गरम पाण्याच्या झऱ्यांवर, गुडघ्यांसाठी. डॉक्टरनं पाठवलंय."

आत सळसळ थांबली.

"सरकारी खर्चानं. खोलीत पंख्याएवढा दिवा आहे. सकाळी त्याला गळ्यापर्यंत पाण्यात बसवतात आणि एक जाडजूड नर्स येऊन विचारते, हाव्रिलो, पाणी कसं आहे. हा म्हणतो, मिशीला गार लागतंय. मग ती मिशीवर वेगळं पाणी घालते, कढत. त्याच्या शेजारच्या टबात एक निवृत्त जनरल असतो, तो ह्याला विचारून विचारून माश्यांबद्दल लिहून घेतो. परवा पत्ते खेळताना त्यानं जनरलची विजार जिंकली."

फादरनी तोंड उघडलं होतं ते ओसिफनं हात वर करून मिटवलं. घंटा वाजत होती. ओनुफ्रीला ती ऐकू येत होती, पण लांबून. समोर वाफ होती, वाफेत हाव्रिलोचं डोकं होतं, मिशी पाण्यावर तरंगत होती, आणि हाव्रिलो नेहमीसारखा त्याच्याकडे पाठ करून ऐकत होता. इतकी बरी गोष्ट ओनुफ्रीला पुष्कळ दिवसांत जमली नव्हती. ती संपवावी असं त्याला वाटेना.

"तिथं जेवणही चांगलं आहे. आंबट सूप सोमवारीच फक्त. तुमच्या मधाची आठवण काढतो. तिथला मध त्याला पटत नाही, म्हणतो ह्या माश्या पगारी आहेत. लिंडन फुलला की येतो म्हणालाय. त्याच्या आधीही येईल, त्याचं तुम्हाला माहीत आहे, त्याला परक्या बिछान्यात झोप लागत नाही. एखाद्या सकाळी बघाल तर फाटकातून येतोय, हातात टोपी, काखेत काड्यापेटी..."

दारात पावलं वाजली. उचलणाऱ्यांनी शवपेटी उंबऱ्यावर आणली होती आणि रीत म्हणून, घराचा निरोप म्हणून, ती उंबऱ्याला टेकवत होते. एकदा टेकली. लाकडावर लाकूड. ओनुफ्री बोलतच राहिला, जरा मोठ्यानं, म्हणजे तो आवाज माश्यांना ऐकू जाऊ नये.

"...काही झालेलं नाही त्याला. ठणठणीत आहे. गालांवर रंग आलाय. मला म्हणाला, ओनुफ्री, तेक्लाला सांग, बूट पुसून ठेव, उतरलो की लागतील..."

तेक्ला पुढं आली. तिनं त्याच्या मुठीतून किल्ली सोडवून घेतली, वाकली आणि ओंडक्यावर टकटक केली.

"प्चोला," ती म्हणाली. "खोटं बोलतोय हा. ह्याचं ऐकू नका. हाव्रिलो गेला. आता मी आहे."